पाचवे कारण

1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटली. नागपूरहून पुण्याला निघालेल्या या बसने पेट घेतला आणि 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. काही दिवसांनी त्याच जागी महामृत्युंजय मंत्राचा सामूहिक जप झाला. अपघात थांबावेत, ही त्यामागची इच्छा. त्यावरून जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला आणि श्रद्धा की विज्ञान, हा महाराष्ट्राच्या ओळखीचा वाद पुन्हा पेटला.

जपाला बसलेल्यांची कळकळ खोटी मानायचे कारण नाही. पण वादाच्या गदारोळात खरा प्रश्न मागे पडला. रस्त्यावरच्या मरणात दैवाचा वाटा किती, आणि तो ठरवायचा कसा?

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्यामागे पाच कारणे मानली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवे आहे. त्याच्या आधी चार कारणे उभी आहेत, आणि घडलेल्याचा कर्ता एकटा माणूसच आहे असे समजणाऱ्याला गीता समंजस म्हणत नाही.

ही पाच कारणे महामार्गावर आणून ठेवली तर चित्र लख्ख दिसते. अधिष्ठान म्हणजे रस्ता, कर्ता म्हणजे चालक, करण म्हणजे वाहन आणि चेष्टा म्हणजे त्या क्षणीचा वेग, वळण, ब्रेक. सिंदखेडराजाच्या अपघातानंतर चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालाने ते मान्य केले नाही. चालकाची चौकशी व्हायलाच हवी होती. पण बस डाव्या कुशीवर पडली, दार खाली दबले, आणि जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. चालकाला झोप लागली असेल, तरी प्रवाशांना बाहेर पडायला जागा न उरणे, हा दोष त्या झोपेत सापडत नाही. तासन्‌तास एकसुरी धावणारा सरळ काँक्रीटचा रस्ता आणि त्या काळी वाटेत थांबण्याच्या सोयींची वानवा, हेही त्या झोपेपासून वेगळे काढता येत नाही.

स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये हाच विचार धोरण म्हणून स्वीकारला. माणूस चुकणारच, हे तिथे गृहीत धरले गेले. रस्ता, वाहन आणि वेगमर्यादा यांची रचना अशी हवी, की चुकीची शिक्षा मृत्यू असू नये. त्या वर्षी स्वीडनमध्ये रस्त्यांवर सुमारे 540 माणसे मेली होती. अलीकडच्या वर्षांत हा आकडा अडीचशेच्या खाली आहे. भारतात 2022 या एकाच वर्षात रस्त्यांवर 1,68,491 जीव गेले. दोन्ही देशांच्या लोकसंख्येत प्रचंड अंतर आहे, त्यामुळे या आकड्यांची थेट तुलना होत नाही. पण जो देश मोजतो, शोधतो आणि रस्ता बदलतो, तिथे मरण कमी होते, एवढे त्यातून नक्की कळते.

महाराष्ट्रातही याचा अनुभव आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी या मार्गावर एकही बळी जाऊ नये या ध्येयाने काम सुरू झाले. उघडे पुलाचे खांब, दुभाजकातल्या फटी, रस्त्याकडेची धोकादायक बांधकामे एकेक करून शोधली गेली, कठडे बसवले गेले, आणि काही वर्षांत बळींची संख्या शंभराच्या आत आली. 2024 मध्ये कॅमेऱ्यांची बुद्धिमान वाहतूक व्यवस्था आली. एका कॅमेऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला लागलेल्या वेळावरून ती सरासरी वेग काढते. कॅमेरा दिसताच ब्रेक दाबून पुढे पुन्हा सुसाट निघण्याची पळवाट त्यामुळे बंद होते.

मग दैव उरते कुठे?

जुलै 2015 मध्ये याच मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड वाहनांवर कोसळली आणि प्रवाशांचे प्राण गेले. डोंगराचा दगड नेमका कोणत्या क्षणी सुटेल, हे कोणाच्या हाती नव्हते. त्याला दैव म्हणणे चूक नाही. पण त्यानंतर उतारांवर पोलादी जाळ्या लागल्या. जुलै 2023 मध्ये त्या भागात पुन्हा दरड आलीच. दैव संपले नाही, त्याची हद्द मात्र मागे सरकली, आणि जेवढी ती सरकली तेवढी माणसाची जबाबदारी वाढली. जाळी लावता येते हे कळल्यावर न लावलेल्या जाळीला दैव म्हणता येत नाही.

घाटात उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडला जातो, इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि लागेनासे होतात. बातमीत ‘दुर्दैवी अपघात’ छापून येते. इथे पाचव्या कारणाला हात लावण्यापूर्वी पहिली चारही तपासायची शिल्लक असतात: चालकाला हे शिकवले होते का, मालकाने डिझेलच्या बचतीसाठी दडपण आणले होते का, ब्रेकची तपासणी कधी झाली, उतारावर निसटलेला ट्रक थांबवायला जागा होती का.

श्रद्धेलाही इथे मोठे काम आहे. खंडेनवमीला घरोघरी, कारखान्यांत आणि एसटीच्या आगारांत यंत्रांची, गाड्यांची पूजा होते. ही करणाचीच पूजा. त्या दिवशी झेंडूच्या माळेआधी टायरची झीज, ब्रेकचे पॅड आणि मागचे दिवे पाहिले गेले, तर पूजेत काहीच उणे होत नाही. उलट ज्याच्यावर जीव सोपवायचा त्याच्याकडे खरे लक्ष दिले जाते.

कायदाही हळूहळू या पाच कारणांच्या जवळ येतो आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने रस्त्याचे सदोष आरेखन किंवा बांधकाम करणाऱ्यालाही एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. जिवाच्या मानाने रक्कम क्षुल्लक आहे, पण अधिष्ठानालाही उत्तर द्यावे लागेल हे त्यात प्रथमच ठसठशीत आले. आयआयटी मद्रासने विकसित केलेल्या अपघात नोंदणीच्या राष्ट्रीय प्रणालीत पोलिसांसोबत परिवहन, महामार्ग आणि आरोग्य विभागांनीही आपापली नोंद करायची असते. पोलिसांच्या रकान्यात ‘चालकाचा निष्काळजीपणा’ लिहिला गेला म्हणून महामार्ग अभियंत्याला आपला रकाना वरवर भरण्याची मुभा मिळत नाही. वळणाचा उतार, कठड्याची उंची, फलकाचे अंतर त्याने जागेवर जाऊन मोजायलाच हवे, आणि ते मृताच्या घरच्यांना वाचायला मिळायला हवे.