पुढच्या भागातला माणूस

मुंबईची आगबोट मालवणच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहावी, पडावांतून चाकरमानी किनाऱ्याला लागावेत, आणि त्यांच्या ट्रंकांतून, कापडचोपडाच्या नि खाऊच्या पुड्यांच्या तळाशी दडपलेली बाबूराव अर्नाळकरांची एखाददुसरी रहस्यकथा गावात उतरावी, अशी एके काळी या किनाऱ्यावरील वाचनाची वहिवाट होती. ही पुस्तके कोणत्या क्रमाने येतील याचा भरवसा कोणालाच नसे. धनंजय या त्यांच्या नायकाची मागाहून लिहिलेली कथा आधी हाती पडे, आधीची पुढेमागे कधीतरी मिळे, आणि पावसाळ्यातील दमटपणाने व वाळवीने ज्यांचा निम्मा ऐवज गिळंकृत केला आहे अशा कपाटांत तर मधला एखादा भाग कायमचाच गहाळ असे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांनी धनंजय, छोटू, झुंजार, काळापहाड या मंडळींना वयाची, आजाराची वा पश्चात्तापाची बाधा होऊ दिली नाही, याबद्दल रसिकांनी नाके मुरडली खरी. परंतु कोणतेही पुस्तक कोणाच्याही हाती प्रथम पडावे आणि तरीही त्याचे काही अडू नये, ही ज्या वाचकवर्गाची गरज होती, त्याच्यासाठी न बदलणारा नायक हा लेखकाचा आळस नसून त्याने केलेली सोय होती, असे माझे मत आहे.

आमच्या मुलखाला असा नायक परकाही नव्हता. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार उभा राहतो तेव्हा वेद पळविणारा संकासुर विष्णूच्या हातून मरतो, आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावच्या जत्रेत तितक्याच मस्तीत पुन्हा प्रवेश करतो. लिखित संहिता नाही. नट पदरचे संवाद बोलतात आणि प्रेक्षक, ज्यांना आख्यानाचा शेवट बालपणापासून ठाऊक असतो, ते आज याने कोणता नवा पेच टाकला एवढेच पाहतात. काल आपला वध कोठे झाला हे संकासुराने लक्षात ठेवले तर आजचा खेळच व्हायचा नाही.

मात्र नायक असा विसराळूही असू शकतो, याच कारणास्तव रहस्यमय वा अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या मालिकेची शिफारस करताना, जो शिफारस करतो तो एका अर्थी जामीन राहत असल्यामुळे, त्याने एका गोष्टीची खातरजमा आधी केली पाहिजे, असे मला दिसते: यातला माणूस मागच्या पुस्तकात काय घडले हे लक्षात ठेवतो की नाही. पुढच्या भागात पात्राचा विकास झाला असे आपण सर्रास म्हणतो, आणि त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की तलवार लांब झाली आणि शत्रू मोठा झाला. ही बढती झाली. विकास त्यानेच होतो, जे मागल्या भागात गमावले आणि पुढल्या भागात परत मिळाले नाही. शेरलॉक होम्सला 1893 साली कड्यावरून लोटून दिल्यावर कॉनन डॉइलला वाचकांच्या तगाद्यापुढे 1903 साली तो जिवंत परत आणावा लागला. आणि तो परत आला तो जसाच्या तसा. डॉ. वॉटसनची अफगाण युद्धातील जखम तर पहिल्या कादंबरीत खांद्यावर आहे आणि दुसरीत पायावर. एवढी विस्मृती असूनही या कथा वाचकाने डोक्यावर घेतल्या, कारण कूट उकलण्याच्या आनंदाला आठवणीची फारशी गरज लागत नाही.

अद्भुतकथेला ती लागते, आणि टॉल्किनच्या बाबतीत तर ती उलट्या दिशेनेही चालली. 1937 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम नावाचा काळोखात राहणारा प्राणी कोड्यांच्या पैजेत हरला तर आपली अंगठी कथानायक बिल्बोला बक्षीस देण्यास राजी असतो. पुढे, त्या अंगठीपायी माणसाचे मन कुजते या कल्पनेवर मोठी कादंबरी उभी राहू लागली, तेव्हा असली औदार्याची हकीगत टिकणे शक्य नव्हते. म्हणून 1951 च्या आवृत्तीत लेखकाने ते प्रकरणच पालटले. पण त्याची खरी कुशलता याच्या पुढची आहे. जुनी हकीगत चुकीची होती असे न म्हणता, ती बिल्बोने सोबत्यांना सांगितलेली थाप होती, आणि एरवी सचोटीने वागणाऱ्या त्या गृहस्थाने थाप मारली याचेच जादूगार गँडाल्फला नवल वाटले, असे पुढल्या ग्रंथात येते. लेखकाच्या खात्यातील नजरचूक पात्राच्या खात्यावर दोष म्हणून वर्ग झाली, आणि त्या एका दोषाने बिल्बो पहिल्यापेक्षा अधिक माणूस झाला. उत्तरभागाने पूर्वभागाला इतकी सखोल कलाटणी दिल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

मराठीत नाथमाधवांनी ‘वीरधवल’ लिहून अद्भुताची गोडी लावली आणि स्वराज्यावरील कादंबऱ्यांची ओळच्या ओळ उभी केली; पण तेथे मागचे लक्षात ठेवण्याचे काम इतिहासच करतो, कादंबरीकाराला ते वेगळे करावे लागत नाही. नारायण धारपांचा समर्थ अघोर शक्तींशी कितीही वेळा झुंजला तरी समर्थच राहतो. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे ‘ट्टॉक’ करीत चीनच्या सरहद्दीपर्यंत पोहोचतो, तरी विद्याभवनातील विद्यार्थीच राहतो. वाचक मात्र बाराचा पंधरा होतो, त्याला मिसरूड फुटते आणि तो वाचनालयाच्या टेबलापाशी येऊन ‘आता पुढे काय’ असे विचारतो. त्याला सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास द्यावा, हरकत नाही. फक्त पहिल्या पानावर कोणा पुण्यात्म्याने पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवले नाही ना, हे पाहून द्यावा.

परंतु ज्याला मोठे होणारे पात्र हवे आहे, त्याला मी अर्सुला ल ग्विनच्या अर्थसी-मालिकेकडे पाठवीन. 1968 साली गर्विष्ठ पोर म्हणून भेटलेला गेड तिसऱ्या भागाच्या अखेरीस, 1972 मध्ये, आपली सारी जादू खर्चून रिता होतो, आणि त्यानंतर अठरा वर्षांनी आलेल्या चौथ्या भागात ती त्याला परत मिळत नाही. महाजादूगार म्हणून बेटोबेटी गाजलेला तो पुरुष जन्मबेटावरील डोंगरावर शेळ्या राखतो आणि आपण आता कोण आहोत या प्रश्नाने ओशाळतो. पुष्कळ वाचक या भागावर रुष्ट झाले. मीही तो पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती देणार नाही. तो द्यावा मुंबईतील नोकरी संपवून गावच्या घरी कायमचा परतलेल्या, मुखत्यारीबरोबर दराराही गेला हे अद्याप पचनी न पडलेल्या एखाद्या निवृत्त साहेबाला. आणि तोही, आधीचे तीन भाग त्याने क्रमाने वाचले आहेत हे वाचनालयाच्या वहीतील नोंदीवरून पडताळून मगच.