आजचं चिंतन : अठराव्या वर्षानंतरचा योगक्षेम



आज वाचनात गीतेच्या नवव्या अध्यायातला बाविसावा श्लोक आला. तुम्ही तो वाचला नसला तरी पाहिलेला नक्की आहे, एलआयसीच्या बोधचिन्हात त्याचा शेवटचा तुकडा आहे. जे अनन्यभावाने माझं चिंतन करतात त्यांचा योगक्षेम मी वाहतो, असं भगवंत म्हणतात. योग म्हणजे जे हातात नाही ते मिळवून देणं, आणि क्षेम म्हणजे जे मिळालंय ते सांभाळणं. शंकराचार्यांनी असाच अर्थ केलाय.

या श्लोकावर कीर्तनात एक गोष्ट सांगतात. एका पंडिताला ‘वाहतो’ हा शब्द खटकला. देव कसा ओझं वाहील? देव देतो, म्हणून त्याने ‘वहामि’वर काट मारून ‘ददामि’ लिहिलं आणि भिक्षेला गेला. मागे घरी एक सावळा पोरगा धान्याचं पोतं पाठीवर घेऊन आला. त्याच्या पाठीवर ताजे ओरखडे होते. पंडिताच्या बायकोने विचारलं, बाळा, कुणी मारलं? तर म्हणाला, तुमच्या यजमानांनीच.

लहानपणी केळशीला चैत्रातल्या महालक्ष्मीच्या उत्सवात मी ही गोष्ट ऐकली तेव्हा फक्त ओरखडे लक्षात राहिले होते. देणं आणि वाहणं यातला फरक कळायला मागच्या जूनमधला एक फोन लागला.

पुण्यात आमचा एक वन बीएचके आहे, भाड्याने देतो. एजंटचा फोन आला, मुलगा चांगला आहे, एकोणीस वर्षांचा, नोकरी आहे, डिपॉझिट पण जमवलंय. म्हटलं, कागद पाठव. आधारवर पत्ता एका बालगृहाचा. वडिलांच्या नावाची जागा रिकामी. एजंट म्हणाला, ‘सर, अठरा पूर्ण झाले की तिथून बाहेर पडावं लागतं, वर्षभर मित्रांकडे काढलंय त्याने.’ मी म्हटलं, आम्हाला फॅमिलीलाच द्यायचंय. आठवड्याभरात तोच फ्लॅट मी दोन बॅचलर मुलांना दिला. त्यांचे आईवडील सोबत आले होते, गॅसची शेगडी आणि लोणच्याची बरणी घेऊन. त्यांना बघून मला बरं वाटलं होतं, हे पण सांगून टाकतो.

म्हणजे मी भाडेकरू बघितलाच नव्हता. त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघितलं.

नंतर या विषयावर थोडं वाचलं. आपल्याकडे कायदा आहे, आणि तो वाईट नाही. २०१५ चा बाल न्याय अधिनियम. त्यात संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी अनुरक्षणाची तरतूद आहे, १८ ते २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत. २०१६ च्या नियमांत सहा ते आठ जणांनी एकत्र राहायची घरं सांगितलीत, शिकताना विद्यावेतन सांगितलंय. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये महिना ४००० रुपये आहेत. महाराष्ट्राने तर २०१८ मध्ये अनाथ मुलांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण दिलं.

पण कलम ४६ वाचताना मी अडखळलो. तिथे आर्थिक साहाय्य ‘देता येईल’ असं आहे, ‘दिलं जाईल’ नाही. आमच्या धंद्यात स्पेसिफिकेशनमध्ये ‘मस्ट’ आणि ‘मे’ यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. ‘मे’ लिहिलेलं फीचर डेडलाइन आली की पहिलं कापलं जातं.

आणि ४००० रुपयांत पुण्यात कॉट मिळते, खोली नाही. समजा पैसे वाढवले, तरी ते ‘ददामि’च झालं. रविवारी ताप आला तर फोन कुणाला करायचा? ऑफिसात पहिल्या महिन्यात कुणी अपमान केला तर रात्री कुणाशी बोलायचं? करारावर साक्षीदार म्हणून सही कुणाची? हे वाहणं झालं, आणि याची तरतूद कुठल्याच कलमात बसत नाही. इंग्लंडच्या कायद्याने निदान शब्दात तरी ते मानलंय. तिथे अशा मुलांसाठी स्थानिक कौन्सिलला ‘पालक’ म्हणतात आणि पंचवीस वर्षांपर्यंत सल्लागार माणूस देतात. सगळं नीट चालतं असं नाही, पण पालक हा शब्द नगरपालिकेला लावायची हिंमत मला आवडली.

इथे मनात एक आवाज उठतोच, तुमच्याही उठला असेल. अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो. किती दिवस सांभाळायचं? उलट पांगळा नाही का होणार? आणि देव आहेच की, योगक्षेम वाहायला!

पहिल्या मुद्द्याचं उत्तर मी माझ्याच बँक स्टेटमेंटमध्ये शोधलं. इंजिनिअरिंगची फी बाबांची. पहिल्या नोकरीनंतर पुण्यातलं डिपॉझिट बाबांचं. प्रोजेक्ट गेला आणि तीन महिने बेंचवर बसलो तेव्हा दर शनिवारी आईचा डबा. मी चोवीसचा होतो तेव्हा. मला कुणी परावलंबी म्हटलं नाही, ‘सेटल होतोय’ म्हटलं. ज्याला आईबाप आहेत त्याला सेटल व्हायला तिशीपर्यंत मुभा, आणि ज्याला नाहीत त्याने अठराव्या वाढदिवसाला स्वावलंबी व्हायचं, हा कुठला न्याय?

दुसऱ्या मुद्द्यासाठी केळशीलाच यावं लागलं. या वर्षी उत्सवाला आलो तेव्हा पहाटे किनाऱ्यावर गेलो, कासवांची पिल्लं सोडतात ते बघायला. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. परत येत नाही. संतांनी कासवीचा दृष्टान्त दिलाय तो वेगळा आहे. ती एका तीरावर असते, पिल्लं दुसऱ्या तीरावर, आणि ती नुसत्या नजरेने त्यांना वाढवते. खरी कासवी बघितल्यावर मला वाटलं, दृष्टान्त खोटा पडला.

मग आमच्या ओळखीचे कासवमित्र काका दिसले. रात्री उठून ठसे शोधायचे, कुत्र्या-कोल्ह्यांच्या आधी अंडी गाठायची, तितकाच खोल खड्डा करून जाळीत पुरायची, मग ४५ ते ६० दिवस राखण. पिल्लं निघाली की टोपलीतून आणून पाण्यापासून थोडी लांब ठेवतात. मी एकाला उचलून लाटेत सोडायला वाकलो तर काका ओरडले, ‘अरे हात लावू नको त्याला! चालू दे त्याचा तो.’ आणि स्वतः मात्र बाजूने चालत राहिले, शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत. घारी-कावळ्यांवर लक्ष ठेवून.

चालायचं पिल्लानेच. पण किनारा राखायचा कुणीतरी. ती नजर कासवीची नव्हती, काकांची होती, आणि दृष्टान्त तसा खोटाही पडला नाही.

देव वाहतो म्हणजे कसा वाहतो, हा प्रश्न मला पूर्वी पडायचा नाही. आता वाटतं, गोष्टीतल्या त्या सावळ्या पोरालाही पाठ लागलीच. पाठीशिवाय पोतं कसं वाहणार? अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अशी पाठ दिलेली आहे. गाडगेबाबांना मानणारा हा माणूस. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं. अठरा झाल्यावरही या मुलांना संस्थेत राहता यावं असा कायदा करा, अशी त्यांची मागणी आहे. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची मुलगी माला पापळकर, जळगावच्या रेल्वे स्टेशनवर सापडलेली, दृष्टिहीन, एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली. वय २६. अठराव्या वर्षी दार बंद झालं असतं तर? मी याचं उत्तर द्यायला बसत नाही.

छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम जाबालही आठवतो. गुरूंनी गोत्र विचारलं. त्याने सांगितलं, आईलाच माहीत नाही, मी जबालेचा मुलगा. आजच्या भाषेत कागद अपुरे. हारिद्रुमत गौतमांनी खरं बोलणारा मुलगा बघितला आणि समिधा आणायला सांगितलं. समोर तसाच कागद आला तेव्हा मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

त्या मुलाचा नंबर एजंटकडे नाही आता. मी दोनदा विचारलं.

फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा नंबर शोधून ठेवलाय, अशा दोघा-तिघांना एकत्र राहायला द्यायचं म्हणून. बायको तयार आहे, पण म्हणाली, ‘सोसायटीच्या मीटिंगमध्ये तू बोलायचंस. आणि रात्री दोनला त्यांच्यातल्या कुणाचा फोन आला तर तूच उचलायचास.’ पहिल्यापेक्षा मला दुसऱ्याचीच भीती जास्त वाटतेय, खरं सांगतो.

उद्या तेविसावा श्लोक.

राम कृष्ण हरी.