सूर्य सर्वांत जवळ, तेव्हाच थंडी



आजचं चिंतन गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या अठराव्या श्लोकावर. कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म ज्याला दिसतं तो खरा शहाणा, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. वाचायला दोन ओळी, पण उलगडायला जन्म जातो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरीत हा श्लोक समजावताना माउली दोन साधे दाखले देतात. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं वेगाने पळताना दिसतात, पण नीट पाहिलं की झाडं आपल्या जागीच असतात. आणि उगवण्या-मावळण्यामुळे सूर्य चालताना दिसतो, पण तो न चालताच चाललेला असतो.

या ओवीवरून व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो, की माउलींनी कोपर्निकसच्या आधीच पृथ्वी फिरते हे सांगून ठेवलं. तर तसं नाही. माउलींचा विषय तिथे कर्म आणि कर्तेपणा आहे, खगोल नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आर्यभटांनी, इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’मध्ये, आणि गंमत म्हणजे त्यांनीही नावेचाच दाखला दिला. दोघांचा मोठेपणा आपापल्या जागी पुरेसा आहे. संतांच्या पदरात आपल्या मनचं काही टाकलं की ती भक्ती होत नाही.

पण दाखला घेतलाच आहे तर पुरता घेऊ. कारण आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी एक वाक्य म्हटलेलं असतं, “देव माझ्यापासून लांब गेलाय.” परीक्षा बिघडली, नातं तुटलं, घरात आजारपण आलं, की हे वाक्य हमखास येतं. यावर आभाळ काय म्हणतं ते बघूया.

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला उभं राहू. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना महामार्गावर लागणारं हे गाव, आयुध निर्माणीमुळे सगळ्यांना माहीत असलेलं. विषुववृत्तापासून साधारण २१ अंश उत्तरेला. इथे आपण नुसते उभे असलो तरी पृथ्वी आपल्याला ताशी सुमारे १,५५० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे नेत असते. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून आपण म्हणतो सूर्य आला, सूर्य गेला. तो मात्र कुठेच गेलेला नसतो. आपली बाजू वळलेली असते, एवढंच. रात्र म्हणजे पृथ्वीची स्वतःचीच सावली.

आता ऋतूंचं बघा. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट पूर्ण गोल नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत लांब, सुमारे १५ कोटी २० लाख. म्हणजे जवाहरनगरची माणसं स्वेटर घालून शेकोटीभोवती बसतात, तेव्हा सूर्य वर्षातला सर्वांत जवळचा असतो. आणि आजूबाजूच्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी सुरू होते, तेव्हा तो ५० लाख किलोमीटरने लांब गेलेला असतो.

मग थंडी आणि ऊन ठरवतं कोण? अंतर नाही, कल. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर तो त्याच दिशेला कललेला राहतो. जूनमध्ये आपला उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो. किरणं सरळ डोक्यावर पडतात, दिवस साडेतेरा तासांच्या आसपास जातो. डिसेंबरमध्ये तोच गोलार्ध दुसरीकडे झुकलेला असतो. किरणं तिरपी येतात, दिवस अकरा तासांहून थोडा लहान होतो. तेवढाच उजेड जास्त जमिनीवर पसरतो आणि ऊब पातळ होते.

पडताळून बघायला दुर्बीण लागत नाही. जवाहरनगरला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर एकेक दिवस असा येतो, की भर दुपारी उभ्या खांबाला सावलीच पडत नाही. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. (जुलैत ढगांनी परवानगी दिली तर!) आणि डिसेंबरच्या शेवटी त्याच खांबाची भर दुपारची सावली जवळजवळ खांबाएवढी लांब असते. म्हणजे सूर्य जवळ, पण सावली लांब.

इथे आपल्यासारख्या भक्तांना एक मोह होतो, आणि आजचा खरा विषय तोच आहे. आपण लगेच म्हणतो, “बघ, देव लांब गेला नाही, तूच पाठ फिरवलीस. तुझ्या मनाचा कल बदल.” वाक्य छान आहे. रील केलं तर लाइक्सही मिळतील. स्वतःला सांगायला तर ते उत्तमच आहे. रात्री दीडपर्यंत मोबाइल बघून सकाळी “साधनेत मन लागत नाही” म्हणणाऱ्याने ते स्वतःला जरूर सांगावं.

पण तेच वाक्य दुसऱ्याला सांगता येईल का?

२४ जानेवारी २०२५ ला सकाळी याच जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि कामावर गेलेल्या कामगारांचे प्राण गेले. उत्तरायण लागलेलं होतं, दिवस थोडा थोडा मोठा होत होता, सूर्य चांगला वर आलेला होता. लख्ख उजेडात काही घरांत रात्र झाली. त्या घरांच्या दारात जाऊन “तुमचा कल चुकला” असं म्हणायची हिंमत कोणाची आहे? आणि कोणी म्हटलंच, तर त्याला धर्म म्हणायचं का?

म्हणून दाखल्याकडे पुन्हा नीट बघावं लागतं. पृथ्वी वळते तो काही तिचा अपराध नसतो. रात्र शिक्षा म्हणून येत नाही. ती भंडाऱ्याला येते, पुण्याला येते, न्यूयॉर्कलाही येते, आणि पुण्यवान माणसाच्या अंगणातही तेवढाच अंधार पडतो. वर्षभराचा हिशोब केला तर पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला दिवस आणि रात्र जवळजवळ सारख्याच वाट्याने मिळतात, अगदी सहा महिने काळोखात असलेल्या ध्रुवालासुद्धा. आणि ज्या कलामुळे थंडी येते त्याच कलामुळे उन्हाळा येतो, जमीन तापते, समुद्रावरून मोसमी वारे ओढले जातात, पाऊस पडतो आणि धान उभं राहतं. कल नसता तर ऋतूच नसते. मग त्याला दोष कसा म्हणायचा?

मला हा दाखला आता असा कळतो. तो सूर्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो, की तो गेलेला नाही. अंधारात असलेल्या माणसाबद्दल तो निकाल देत नाही. पहिल्या गोष्टीतून दुसरी आपण काढतो आणि तिथे चुकतो. ‘देव आहे’ ही श्रद्धा. ‘म्हणून तुझं दुःख तुझीच चूक’ हा आपला अहंकार, श्रद्धेचे कपडे घातलेला. चौथ्या अध्यायात भगवंत कर्तेपणाचा अभिमान सोडायला सांगतात. दुसऱ्याच्या दुःखाचं कारण मलाच कळलंय, हाही कर्तेपणाच आहे. आपणही नावेतच बसलोय मित्रांनो. आपल्याला पळताना दिसणारं झाड खरंच पळतंय का, हे आपण काठावर उतरून पाहिलेलं नाही.

मग ज्याच्याकडे रात्र आहे त्याच्यासाठी काय करायचं? याचंही उत्तर आभाळातच आहे. रात्री आपल्याला दिसणारा चंद्र स्वतःचा काहीच उजेड देत नाही. अंगावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम दहा-बारा टक्के तो परत पाठवतो, आणि तेवढ्यात पांदणीची वाट दिसते. तो रात्र घालवत नाही, रात्रीचं कारणही सांगत बसत नाही. ज्याच्यावर सध्या ऊन आहे त्याने एवढंच करावं. डबा पोचवावा, कागदपत्रांच्या रांगेत सोबत उभं राहावं, बारा दिवस झाल्यावर सगळे पांगले की तेराव्या दिवशी फोन करावा. दहा टक्के पुरतात.

आजचा छोटा अभ्यास: आपल्या ओळखीत सध्या कोणाकडे रात्र आहे ते आठवा. त्यांना आज सुविचार पाठवू नका. “जेवलात का?” एवढं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

उद्या एकोणिसावा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी!