उभं कुठं राहायचं?

“उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठवली आणि तिथे नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. हे दुःख अख्ख्या समाजाचं आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ साली झालेल्या जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. त्या वारशापुढे एखाद्या प्रकल्पग्रस्त मुलीनं स्वतःचेच फोटो काढत बसणं आत्ममग्नपणाचं नाही का?”

तसं वाटू शकतं. पण आधी मोबदल्याचा हिशेब पाहा. जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड, घराच्या बदल्यात घर बांधायला भूखंड. यादीत नावं लागली ती खातेदारांची. २०१८ साली, म्हणजे विमानतळाच्या भूमिपूजनाच्या वर्षी, दहा वर्षांची असलेली मुलगी त्या हिशेबात कुठेच नव्हती. खेळायचं आवार, शाळेची वाट, खिडकीतून रोज दिसणारी टेकडी यांना पंचनाम्यात रकाना नसतो. लढ्यानं जमिनीचं मोल मागितलं आणि ते मागायलाच हवं होतं. या मुलीचं दुःख त्या मागणीच्या विरोधात जात नाही, तिच्याबाहेर राहून गेलंय एवढंच. शिवाय हात लांब करून काढलेला सेल्फी वेगळा आणि टायमर लावून काढलेला फोटो वेगळा. सेल्फीत चेहरा चौकट भरून टाकतो. दुसऱ्या प्रकारात मोबाइल दगडाला टेकवायचा, दहा सेकंदांचा टायमर लावायचा आणि चालत जाऊन जागेवर उभं राहायचं. धावपट्टीच्या कुंपणाशी, की तरघर स्थानकाच्या पाटीखाली, जिथे गाव उठलं तरी नाव उरलंय? कॅमेऱ्याकडे तोंड करून, की पाठ फिरवून? विस्थापन म्हणजे आपण कुठं राहायचं हे दुसऱ्यानं ठरवणं. मुलांच्या बाबतीत तर ते दोनदा घडतं, आधी सरकार ठरवतं आणि मग घरातली मोठी माणसं. त्या दहा सेकंदांत तो निर्णय पहिल्यांदा तिच्या हाती येतो. या फोटोंची किंमत मला तिथे दिसते, चेहऱ्यात नाही.

“पण जुनी जखम एकटीनं उकरली तर ती चिघळेल.”

हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. ब्रिटिश छायाचित्रकार जो स्पेन्स यांनी १९८०च्या दशकात रोझी मार्टिन यांच्यासोबत फोटोथेरपी आकाराला आणली ती जोडीनं. एकीनं कॅमेऱ्यासमोर आपलं बालपण उभं करायचं, दुसरीनं कॅमेरा सांभाळायचा, मग जागा बदलायच्या. काय दाखवायचं हे मात्र समोर उभी असलेलीच ठरवी. उलव्यातही दगडाच्या जागी चुलत बहीण किंवा शेजारची मैत्रीण असलेली बरी, कारण तिचंही गाव तेच. ज्या मुलीची झोप उडालीय, तिला मात्र कॅमेऱ्याआधी समुपदेशक हवा. फोटो उपचाराची जागा घेत नाही.

“आणि हे फोटो दाखवायचे कुणाला? टेकडी तर त्यात दिसणारच नाही.”

नाही दिसणार. म्हणून फोटोखाली दोन ओळी लिहाव्या लागतील: इथून टेकडी दिसायची, इथे आमचं दार होतं. प्रदर्शन भरवायलाच हवं असंही नाही. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९८० साली छायाचित्रावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात आईच्या बालपणीच्या एका फोटोवर पानंच्या पानं खर्ची घातली, पण तो फोटो काही छापला नाही. ती मुलगीही दोन ओळी लोकांपुढे ठेवून फोटो स्वतःजवळ ठेवू शकते.