आगोटीचा जवळा

मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यापासून समुद्र शंभरेक किलोमीटर दूर. सातपाटीचा किनारा सोडला की पालघर, मनोर, वाडा आणि मग डोंगराचा चढ. तरीही मे महिन्यात इथल्या बाजारात पाय ठेवला की आधी नाकाला जाणवते ती सुकी मासळी. ताडपत्रीवर जवळ्याचा गुलाबी-करडा ढीग, शेजारी बोंबील, वाकट्या, मांदेली. ही आगोटीची खरेदी. पाऊस लागला की आवणीची कामं सुरू होतात, बाजाराला यायला सवड नसते आणि हातात पैसाही नसतो. तेव्हा घरात बांधून ठेवलेल्या पिशवीतून मूठभर जवळा काढायचा, तव्यावर भाजायचा, कांदा-मिरची घालायची आणि नाचणीच्या भाकरीबरोबर पोरांच्या पुढ्यात ठेवायचा. खेकडे, चढणीचे मासे मिळाले तर मिळाले; भरवसा असतो तो या पिशवीवर.

अशाच एका बाजारात एक तरुण आई जवळा घेत होती. कडेवर पोर. चिमूटभर जवळा तिने तळहातावर चोळला, फुंकर मारली. जवळा उडाला, वाळू हातावर राहिली.

‘मावशी, रेती लय आहे.’

‘धुऊन घे, बाय. चोख पाहिजे तर तो बघ, पण दुप्पट पडेल.’

आईने दुसऱ्या ढिगाकडे पाहिलं आणि पहिल्यातलाच वाटा घेतला.

या व्यवहारात कुणी कुणाला फसवलं नाही. विकणारीने खरं सांगितलं, घेणारीने पाहून घेतलं. तरी काहीतरी चुकतं आहे, आणि ते कुठे चुकतं हे शोधायचं तर घाट उतरून किनाऱ्यावर जावं लागतं.

पालघरच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांत बोंबील, जवळा, मांदेली येतात. ओल्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या काठीवर टांगतात, वाऱ्या-उन्हात सुकवतात. बोंबील असा जमिनीपासून वर राहतो. जवळा मात्र इवलासा. तो टांगता येत नाही, पसरावाच लागतो. सिमेंटचा ओटा किंवा जाळी असेल तर तो स्वच्छ निघतो, नसेल तर किनाऱ्याच्या वाळूतच सुकतो. पसरणं, परतणं, निवडणं हे सगळं बायकांचं काम, भर उन्हातलं. त्यात अवकाळीची एक सर आली की दिवसभराची मेहनत पाण्यात जाते आणि तो माल खायच्या भावाने जात नाही, कुटी म्हणून जातो. कुटी म्हणजे खत, कोंबड्यांचं आणि कोळंबीचं खाद्य.

पुढे व्यापारी माल निवडतो. ज्याला चांगला भाव, तो शहराकडे. उरलेला, वाळूचा, तुटका, डोंगराकडे. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर आहे. मला अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. प्रत्येकाचा हिशेब बरोबर असूनही शेवटच्या पोराच्या दाताखाली वाळू येते, तेव्हा हिशेबातून कुणाला तरी वगळलेलं असतं.

आणि हे पोर कुठलं? याच जव्हार-मोखाड्यातलं. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला 1992 साली शंभराहून अधिक बालकं कुपोषणाने दगावली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर योजना आल्या, काही कामही झालं, पण हा प्रश्न इथून उठून गेलेला नाही. अशा भागात जवळा ही हलकी गोष्ट नव्हे. तो अख्खा, कवचासकट खाल्ला जातो. प्रथिनांबरोबर कॅल्शियमही पोटात जातं. फ्रीज लागत नाही, वीज लागत नाही. हे अन्न इथल्या माणसांनी स्वतः निवडलेलं आहे, वरून कुणी नेमून दिलेलं नाही.

2023 साली चंदेरी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. पापलेटची पिल्लं मारली जाऊ नयेत म्हणून 135 मिलिमीटरपेक्षा लहान मासा पकडू नये असा नियमही झाला. सातपाटीच्या मच्छीमारांच्या आयुष्याशी जोडलेली ती गोष्ट आहे आणि ती योग्यच झाली. पण मान द्यायचा तर मासा कुणाच्या ताटात जातो हेही पाहावं. पापलेट खोडाळ्याच्या ताटात येत नाही. इथे येतो जवळा. तो सुकवणाऱ्या बाईला पक्का ओटा मिळावा, हा विषय मात्र कुणाच्या भाषणात येत नाही. माणसाच्या तोंडचा बारीक मासा दळून कोळंबीच्या तळ्यात जावा आणि ती कोळंबी परदेशी जावी, हा व्यापार कायद्यात बसतो. मला तो पटत नाही.

मुंबईकरांनी तर यात हिशेब मांडायलाच हवा. मोखाड्यात कोचाळे इथलं मध्य वैतरणा धरण 2014 साली पूर्ण झालं, त्याचं पाणी मुंबईला जातं. मुंबईत पापलेटचं कालवण ज्या पाण्यात शिजतं त्यातलं काही याच डोंगरांवरून उतरलेलं. त्याच तालुक्यातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाणी खाली जाताना चांगलं जातं आणि मासळी वर येताना वाळू घेऊन येते, हे किती वर्षं चालू द्यायचं?

अवघड असं यात काही नाही. किनाऱ्यावर बायकांच्या गटांना सिमेंटचे ओटे, उंचावर बांधलेल्या जाळ्या आणि पावसाच्या सरीला ओढून घ्यायला ताडपत्र्या द्याव्यात. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत मुलांना अंडी किंवा केळी मिळतात; जिथे घरोघरी जवळा खातात तिथे आठवड्यातून एकदा स्वच्छ, निवडलेला जवळा द्यायला काय हरकत आहे? ज्या मुलांना तो सोसत नाही त्यांना अंडं आहेच. खरेदी थेट त्या गटांकडून, चोख मालाच्या भावाने व्हावी. फक्त ती एप्रिलमध्ये व्हायला हवी. 1 जूनला मासेमारी बंद होते आणि सुकवायला ऊनही राहत नाही. मंजुरीचा कागद जुलैत आला, तर त्या वर्षाचा जवळा कुटीला गेलेला असतो.