परतीचं मावंदं

काशीयात्रा गंगेच्या घाटावर संपत नसे. गंगाजलाचा तोंड झाळलेला गडू घेऊन माणूस घरी यायचा, त्या गडूची पूजा व्हायची आणि मग मावंदं घातलं जायचं. आप्तेष्ट, शेजारीपाजारी जेवून गेले, तीर्थ घेऊन गेले, की यात्रा पुरी झाली असं धरत. चालून चालून पाय सुजवले यात्रेकरूने, पण पुण्याचा थोडा वाटा घरी राहिलेल्यांच्या पानातही पडायचा. परदेशातल्या सहलीच्या अखेरच्या दिवसांत आपली माणसं जी धावपळ करतात, ती पाहिली की मला हे मावंदं आठवतं.

स्वित्झर्लंडचंच घ्या. टिटलिसचा बर्फ तुडवून झालेला असतो, तिथल्या शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो निघालेले असतात. लुझर्नच्या श्वानेनप्लाट्झ चौकात बस थांबते. समोर घड्याळांची दुकानं. चार पावलांवर चौदाव्या शतकातला लाकडी चॅपल ब्रिज; १९९३ च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला आणि तो पुन्हा उभारला, हे गाइड सांगत असतो. ऐकतो कोण? प्रत्येकाच्या डोक्यात यादी चालू असते: ऑफिसात पंधरा जण, सोसायटीतले शेजारी, कामाच्या मावशी, नणंदेची मुलं. कोप किंवा मिग्रोस सुपरमार्केटात शिरायचं, चॉकलेटची मोठी पाकिटं उचलायची, रात्री हॉटेलच्या खोलीत बॅग हाताने तोलून बघायची, नवऱ्याचे बूट त्याच्याच पायात घालायला लावून जागा करायची. त्यात शेवटचा दिवस रविवार निघाला तर पंचाईत. त्या देशात रविवारी दुकानं बहुतेक बंद. उघडी असतात ती मुख्यतः रेल्वे स्टेशनांवरची आणि विमानतळावरची. मग झुरिक स्टेशनच्या तळघरात मराठी ऐकू येतं.

या खरेदीला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. एवढे पैसे मोजून आल्प्स बघायला आलात आणि शेवटची दुपार सुपरमार्केटात घालवलीत? प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो विचारणारा प्रवास फक्त स्वतःसाठी करत असतो. स्वतःसाठी केलेल्या सहलीचं काय उरतं, याचा हिशेब लोकांनी मांडून पाहिला आहे. नेदरलँड्समधल्या येरून नावाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दीड हजारांवर डच लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. सहलीला जाणारे न जाणाऱ्यांपेक्षा आनंदी होते, पण निघण्याआधी. परतल्यावर दोघांत फरक उरला नव्हता. अपवाद फक्त ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांचा. सात दिवसांत पाच देश करणाऱ्यांनी त्या अपवादाची आशा धरू नये.

सुट्टीचा आनंद स्वतःपुरता साठवून ठेवता येत नाही, असा मी याचा अर्थ लावतो. तो वाटला तरच थोडा टिकतो, आणि चॉकलेट हे त्या वाटण्याचं हल्लीचं साधन. त्यामुळे मला त्या गर्दीचं हसू येत नाही. उलट, विमानतळावर उरलेली फ्रँकची नाणी हातात घेऊन आणखी एक पाकीट कुठे बसेल हे शोधणाऱ्या काकूंबद्दल (नाणी इकडे कोणी बदलून देत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं) आदरच वाटतो.

माझी तक्रार वेगळी आहे. मावंद्यात जेवणाइतकंच महत्त्व सांगण्याला होतं. यात्रेकरू परत येईपर्यंत घरच्यांना त्याचं काहीच कळलेलं नसे, फार तर एखादं पत्र. बोटीच्या काळातही विलायतेहून निघालेला माणूस सुएझवरून येताना आठवडे घ्यायचा. घड्याळ थोडं थोडं पुढे करत, आठवणी मनात घोळवत तो बॅलार्ड पिअरला उतरायचा आणि मग महिनाभर त्याचं ऐकायला लोक जमायचे. आता झुरिकहून निघालं की काही तासांत मुंबई. उन्हाळ्यात साडेतीन तास वाटेतच गळून पडतात, आणि पूर्वेकडे येताना दिवस आखडत असल्याने शरीर ते मुकाट सोसत नाही, पहाटेपर्यंत जागं ठेवतं. तेही एक वेळ चालेल. पण टिटलिस, धबधबा, नाश्त्याचं ताट, सगळं फॅमिली ग्रुपवर आधीच पोचलेलं असतं. अंगठे देऊन झालेले असतात. दारात उभं राहून पाकीट हातात देताना सांगायला काही शिल्लक राहत नाही, आणि घेणारा म्हणतो, ‘फोटो पाहिले हं, मस्त!’ गडू तिथेच फोडून, वाटेतच तीर्थ वाटून घरी यावं, तसं हे.

गंमत म्हणजे, जे फोटोत येत नाही ते न गेलेल्या माणसांनाच बरोबर विचारता येतं. आमच्या एक म्हाताऱ्या नातेवाईक बाई स्मार्टफोन वापरत नाहीत. त्यांनी बर्फाबद्दल अवाक्षर काढलं नाही. सहलीहून परतून चॉकलेट द्यायला गेलेल्या माझ्या मुलीला त्यांचा पहिला प्रश्न, ‘तिथे धुणं कुठे वाळत घालतात गं?’

मुलीने सांगितलं ते तिच्या झुरिकच्या मैत्रिणीकडचं. सहलीनंतर दोन रात्री ती तिथे राहिली होती, बघण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून घरातच रमली होती. स्वित्झर्लंडच्या पुष्कळ इमारतींत तळघरात सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली असते. तिथे यंत्र, वाळवायच्या दोऱ्या आणि भिंतीवर पाळ्यांचा तक्ता. ठरल्या दिवशी ठरल्या घराने धुवायचं, खोली पुसून किल्ली पुढच्याला द्यायची. बऱ्याच ठिकाणी रविवारी धुणं लावायचंच नाही.

‘म्हणजे आमच्या चाळीतल्या नळासारखंच,’ बाई म्हणाल्या. ‘आणि एखादीने दुसरीची पाळी घेतली तर?’

‘भांडणं होतात की. धुण्याच्या खोलीवरून होणारी भांडणं तिथे प्रसिद्ध आहेत.’

बाई खूश झाल्या. चॉकलेटचं पाकीट बाजूला सारून, गिरगावातल्या त्यांच्या नळावर कोण कोणाशी भांडलं होतं ते त्या सांगू लागल्या, आणि ते संपेपर्यंत चहा दोनदा झाला.