माशाने अंगावर घेतलेलं संकट

हुबळी-धारवाडकडच्या घरांत काचेच्या टाकीतला एखादा गोल्डफिश सकाळी उलटा तरंगताना दिसला, की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हळूच म्हणतं, "घरावरचं काहीतरी होतं, ते त्यानं आपल्या अंगावर घेतलं." लहान मूल रडत असतं, त्याला या वाक्याने धीर येतो. मासा तुळशीपासून दूर एखाद्या कुंडीत पुरला जातो आणि रविवारी बाजारातून नवा येतो. पुष्कळदा तोही पंधरा दिवसांत जातो.

ही समजूत कर्नाटकापुरती नाही, महाराष्ट्रातही ती घरोघर आहे. वास्तुशास्त्र सांगणारे टाकी कोणत्या दिशेला ठेवायची ते सांगतात. चीनकडून आलेल्या फेंगशुईने त्यात आठ सोनेरी माशांसोबत एक काळा मासा ठेवण्याची भर घातली, आणि घरावरचं अरिष्ट झेलण्याचं काम त्या काळ्याकडे आलं. कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न हा मासा तर १९९० च्या दशकात मलेशियात माणसानेच संकरातून तयार केला, आणि भाग्य आणणारा म्हणून तो आपल्याकडे मोठ्या किमतीला विकला जातो. हे सगळं मानणारी माणसं निष्ठुर नसतात. उलट, मेलेल्या जिवाबद्दल कृतज्ञता वाटल्यामुळेच ती असं बोलतात. तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो धर्माचा प्रश्न आहे. माशाने जे संकट अंगावर घेतलं, ते आलं कुठून?

नव्या टाकीत ते बहुतेक वेळा पाण्यातूनच येतं. माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि तळाशी कुजणाऱ्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तर दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट बरंच कमी घातक असतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात, वाळूत, दगडांवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र टाकी, पंप, प्लॅस्टिकची झाडं आणि दहा मासे एकाच संध्याकाळी घरी आणतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं, पण त्यात विष साठत जातं. अमोनियाने कल्ले जळतात. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करतो आणि आपल्याला वाटतं त्याला भूक लागली आहे. मग आणखी दाणे पडतात.

हुबळी-धारवाडची गोष्ट थोडी आणखी वेगळी आहे. मलप्रभेवरच्या रेणुकासागरातून इथे पाणी येतं, पण कित्येक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंपं भरायची, कपडे धुवायचे, फरशी पुसायची, आणि त्याच ओघात माशांची टाकीही उपसून, घासूनपुसून ताज्या पाण्याने भरायची, असा क्रम सहज पडतो. ताज्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांनाही झोंबतं आणि त्या जिवाणूंनाही मारतं. म्हणजे जी वस्ती महिनाभरात कशीबशी बसत आली होती, ती स्वच्छतेच्या हौसेत एका दुपारी उठते. खरं तर त्याच घराच्या मोरीत उपाय भरून ठेवलेला असतो. पिंपात एक-दोन दिवस उघडं राहिलेलं पाणी माशांना अधिक मानवतं, कारण साधं क्लोरीन तेवढ्या वेळात उडून जातं. आठवड्याला चौथाई पाणी काढून तेवढंच शिळं पाणी भरलं, स्पंज साबणाने न धुता टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळला, तर पुष्कळ मासे वाचतील.

मासा संकट वारतो ही कल्पना आपल्या परंपरेत फार जुनी आहे. शतपथ ब्राह्मणात मनूची कथा येते. सकाळी हात धुताना त्याच्या ओंजळीत एक इवला मासा येतो आणि म्हणतो, मला पाळ, मी तुला तारीन. कशापासून, तर येणाऱ्या महापुरापासून. इथपर्यंतची कथा सगळ्यांना ठाऊक असते. मधला भाग मात्र सांगताना गळून जातो. मनू विचारतो की तुला पाळू कसं, आणि मासा अगदी व्यवहाराचं बोलतो. आम्ही लहान असतो तोवर आमचा नाश जवळ असतो, कारण मासाच माशाला गिळतो. म्हणून आधी मला घड्यात ठेव. घडा पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव. तोही पुरेनासा झाला की समुद्रात सोड. मनू तसंच करतो. महाभारतात आणि भागवतात हीच कथा वेगळ्या तपशिलांनी येते. भागवतात तर ती दक्षिणेतल्या कृतमाला नदीकाठी घडते आणि घड्याच्या जागी कमंडलू येतो. पण जागा वाढवत नेण्याचा क्रम कुठेही सुटत नाही.

मासा पाळण्याबद्दल याहून नेमकी जुनी सूचना सापडणं कठीण. आधी विचार, मग जागा, जागा पुरेनाशी झाली तर दुसरी जागा, आणि मोठ्या माशापासून लहानाला वेगळं ठेवणं. तारण्याचं वचन फळाला येतं ते हे सगळं केल्यानंतर. शिवाय त्या कथेत मासा मरत नाही. मनूवरचं संकट टळतं ते मासा जिवंत राहिल्यामुळे.

'मासाच माशाला गिळतो' यातूनच पुढे मत्स्यन्याय हा शब्द राज्यशास्त्रात आला. राजदंड नसेल तर बलवान दुबळ्याला खाईल, असं शांतिपर्वात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याचं तात्पर्य आहे. घरच्या टाकीतली मारामारी पाहून लोक हेच म्हणतात की माशांचा स्वभावच तो. अर्धी गोष्ट खरी आहे. दोन नर फायटर मासे एकत्र ठेवले तर ते भिडणारच. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात, आणि सिक्लिड जातीचे मासे आपल्या कोपऱ्यात दुसऱ्याला फिरकू देत नाहीत. पण कॉनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९६३ साली आक्रमकतेवर लिहिलेल्या पुस्तकाची सुरुवात प्रवाळातल्या माशांपासूनच केली, आणि त्याचं निरीक्षण इथे फार मोलाचं आहे. समुद्रात हरलेला मासा दुसऱ्याच्या हद्दीबाहेर पळतो आणि भांडण मिटतं. टाकीत पळायला जागाच नसते, म्हणून तिथे भांडणाचा शेवट मृत्यूत होतो.

तेव्हा टाकीतल्या मत्स्यन्यायासाठी माशाला जबाबदार धरता येत नाही. चार काचांचा राजा घरमालक आहे. दगड आणि झाडं अशी लावायची की एकाला दुसरा सतत दिसू नये. बार्ब दोन-तीन न ठेवता निदान सहाचा घोळका ठेवायचा, म्हणजे त्यांची खोडी आपसातच वाटली जाते. नवा मासा सोडताना दगडांची जागा बदलायची, म्हणजे जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात. फायटर एकटाच ठेवायचा. राजदंड म्हणतात तो इथे एवढाच.

हुबळीच्या परिसरात जैन समाज मोठा आहे. शहराजवळ वरूरला नवग्रह तीर्थावर पार्श्वनाथांची ६१ फुटी मूर्ती उभी आहे. माशाच्या मृत्यूला जबाबदार कोण, या प्रश्नाचं उत्तर जैन विचारात सर्वांत काटेकोरपणे सापडतं. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर बोट ठेवलं आहे. मारायचा हेतू नव्हता एवढ्याने सुटका होत नाही, जपायला हवं होतं तिथे जपलं का हेही विचारलं जातं. गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे जे पाच दोष तिथे सांगितले आहेत, त्यांत बांधून ठेवणं आहे, अन्नपाणी तोडणं आहे आणि अतिभार लादणंही आहे. अतिभार हा शब्द बैलगाडीसाठी योजला गेला असेल, पण वीस लिटरच्या टाकीत बारा गोल्डफिश कोंबले तर त्या पाण्यावरही तो लागू पडतो.

मग 'बांधून ठेवणं' या दोषाचं काय? मासा पाळूच नये का? एखाद्या जैन मुनींनी तसं सांगितलं तर त्यात खोट काढता येणार नाही. गृहस्थाला मात्र निदान गोल भांडं तरी नक्कीच सोडता येईल. इटलीतल्या मोन्झा शहराने २००४ मध्ये गोल भांड्यात मासे ठेवायला बंदी केली. गोल्डफिश हा काही तीन आठवड्यांचा जीव नाही. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून एका घरी आला आणि १९९९ मध्ये, ४३ वर्षांचा होऊन गेला.

कंटाळा आला म्हणून, किंवा पुण्य म्हणून, पाळलेला मासा हुबळीच्या उणकल तलावात सोडणं हाही मार्ग नव्हे. मनूने समुद्रातला मासा समुद्रात पोचवला होता. दक्षिण अमेरिकेतला सकरमाउथ मासा आज देशातल्या कित्येक तलावांत पसरून तिथल्या माशांच्या जिवावर उठला आहे, तो अशाच टाक्यांतून गेलेला.

माशांवर खरी श्रद्धा ठेवणारी गावं आपल्या जवळपास आहेत. महाडजवळ काळ नदीतल्या वाळण कोंडात वरदायिनी देवीच्या भयाने आणि भक्तीने महसीर मासे राखले जातात. दक्षिण कन्नड जिल्ह्यात कपिला नदीकाठी शिशिला गावी शिशिलेश्वराच्या घाटावर तेच मासे देवाचे मानले जातात. १९९६ मध्ये तिथे कुणीतरी नदीत विष कालवलं आणि मासे मोठ्या संख्येने मेले. त्यांनी गावाचं अरिष्ट झेललं म्हणून तो विषय तिथे संपला नाही. गावाने त्या माशांचं स्मारक उभारलं. आजही त्या घाटावर उभं राहिलं, की भाविकांच्या हातचे चुरमुरे खायला महसीर काठाशी येतात.